कोणी थांबलं का?

४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

पार्सल पोचलं का? पोचलं असेल तर कात्री बेताने चालव. आत दोन पुठ्ठ्यांच्या मधे माझी पाच चित्रं आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीमागे बाण काढलाय. बाण वर. तू जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, तेव्हा वर कुठलं आणि खाली कुठलं हे तुला कळतं असं मी धरून चालते. पण माझ्या चित्रांपुढे भल्याभल्यांची फसगत होते, म्हणून बाण.

फोन करत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर तू बिनदिक्कत थापा मारतोस आणि मला त्या पटतात. कागदावर तुला ते साधत नाही. खोटं लिहायला लागलास की तुझं अक्षर सुंदर होतं, वेलांट्यांना डौल येतो. शाळेपासून बघतेय. तेव्हा पत्रच लिही.

आता मुद्द्याचं. यांचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे मला घर सोडता येत नाही. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन, आणि मी इथे यांच्या पाठीमागच्या उशा सारख्या करत बसणार. माझे डोळे म्हणून तू जायचंस. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं, मी हिचा भाऊ असं कोणाला सांगायचं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला दंडाला धरून चित्रापुढे उभं करायचं नाही. फक्त बघायचं, कोणी थांबतं का. चालता चालता पाय आपसूक थांबायला हवेत. बुटाची नाडी बांधायला थांबला तर तो धरू नकोस.

हे एवढं का, तर मी तोंडाने संकट ओढवून घेतलंय. आमची मागची बंद बाल्कनी, जिथे मी रंगवते, ती खरं म्हणजे सूनबाईला हवी. बिचारी जेवणाच्या टेबलावर शिवणाचं मशीन ठेवते, गिऱ्हाइकांचे कपडे तिथेच बेतते आणि ताटं मांडायची वेळ झाली की सगळं उचलते. एकदा तिच्या कात्रीखाली भाताचं शीत सापडलं आणि सगळे हसले, ती सोडून. तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून गेले, की या प्रदर्शनात एक जरी परका माणूस माझ्या चित्रापुढे आपणहून थांबला, तर बाल्कनी माझी. नाही थांबला तर मी रंग कायमचे गुंडाळीन आणि मशीन आत येईल. कोणी मागितलं नव्हतं हं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता बोलले ते बोलले. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. दुधाकडे बघत उभी असते आणि दूध उतू जातं.

खरं तेच लिही.

तुझी
ताई

*

९ फेब्रुवारी

ताई, नमस्कार. साष्टांग घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतात, तेव्हा उभ्यानेच घे.

पार्सल धडधाकट पोचलं. चित्रं लागली. हॉल म्हणजे वाचनालयाच्या खालचा लांबट दिवाणखाना, वर पंखे, खाली फरशी, आणि सगळे तुझ्यासारखे हौशी. संयोजक बाई गळ्यात चष्मा अडकवून दिवसभर तोच चष्मा शोधत असतात. फ्रेमा नाहीत, काचा नाहीत, नुसते चिमटे लावून कागद फळीवर टांगलेत. मी रोज सगळ्यांच्या आधी जाऊन बसतो म्हणून बाईंनी मला किल्लीच देऊन टाकली. त्यांना वाटतं मला काही उद्योग नाही. तसं खरंच आहे. छापील फलक आल्यापासून पाटी रंगवायला माणूस येतो कोण?

तुझ्या शेजारी एका दाताच्या डॉक्टरांची मांजरं आहेत. ताई, काय मांजरं! मिशीचा केस न् केस. एक मांजर तर असं बघतं की आपणच उंदीर झालो असं वाटावं. लोक नुसते तुटून पडतात. एका बाईंनी मांजराला हात लावला तर संयोजक बाई ओरडल्या. डॉक्टर स्वतः येऊन उभे राहतात आणि प्रत्येकाचे दात बघतात, अशी मला शंका आहे.

तुझी चित्रं, राग मानू नकोस, मी फार वेळ बघितली. आडवी, उभी, डोळे किलकिले करून. रंग छान आहेत. तिसरं, ते करडं-निळं, त्यात उजवीकडे केवढी मोकळी जागा सोडली आहेस! मी असतो तर तिथे दुकानाचा फोन नंबर टाकला असता.

लोक बरेच येतात. गर्दी असते. भाऊजींच्या पायाला सांभाळ.

तुझा
टिल्लू

*

१३ फेब्रुवारी

टिल्लू,

मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय! पानभर मांजरं. लोक येतात हे मला कळलं, हॉलला दार आहे म्हणजे लोक येणारच. थांबतात का? अक्षर अगदी गचाळ आहे तुझं, म्हणजे खोटं काही नाही. पण खरं कुठे आहे ते सांग.

आणि फोन नंबर म्हणे. ती जागा रिकामी नाही. ती जागा सोडायला माझं सगळं आयुष्य गेलं, गाढवा.

तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. छापखान्यात मी बायंडिंगला होते तेव्हा एकदा लाल शाईची बाटली कलंडली, ओल्या कागदांच्या गठ्ठ्यावर. सगळ्या बायका फडकी घेऊन धावल्या आणि मी नुसती बघत उभी. ती शाई चालली होती. कुठेतरी जायचं असल्यासारखी चालली होती, एका जागी अडायची, मग बाजूने वाट काढायची. फोरमन माझ्यावर असा ओरडला की मशीनवालेसुद्धा वळून बघायला लागले. त्या दिवशी कापलेल्या कागदाच्या कडा मी पिशवीत भरून घरी आणल्या, आणि तेव्हापासून हे खूळ.

मधे एकदा क्लासला पण गेले. मास्तर म्हणाले, पेन्सिलने सफरचंद काढा. मी काढलं, त्याचा बटाटा झाला. मास्तर भला माणूस, म्हणाले, हरकत नाही, बटाटाही चालेल. परत गेले नाही.

मी काय करते विचारशील तर, कागद नळाखाली धरते, फळीवर पसरते, यांच्या दाढीच्या जुन्या ब्रशने रंग सोडते आणि फळी हातात घेऊन तिरकी करत बसते. काय होणार ते मला माहीत नसतं. माहीत झालं की चित्र मेलंच. रंग पळतो, मी मागे. अडवायचं कधी एवढंच माझं काम, आणि ते दर वेळी चुकेल असं वाटतं. तिसऱ्या चित्रात तो करडा उजवीकडे निघाला होता, आणि मी फळी उचलली आणि तो थांबला. ती तुझी मोकळी जागा.

सूनबाई काल बाल्कनीत टेप घेऊन उभी होती. मला बघून म्हणाली, पडद्याचं माप घेतेय. बाल्कनीला पडदा नाही.

चित्र काढायला घेतलं की हात आखडतो. थांबतात का ते लिही रे. एका ओळीत लिही.

ताई

*

१९ फेब्रुवारी

ताई!

थांबतात! तिसऱ्या चित्रापुढे थांबतात! शपथेवर सांगतो, हे शंभर टक्के खरं आहे, अक्षर तपासून घे.

काल सकाळी एक उंच माणूस आला, बगलेत छत्री, मांजरांकडे निघाला होता. तुझ्या चित्रापाशी पाय अडले. मागे आला. छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली आणि बघत राहिला. मग एक बाई, कडेवर पोर. पोराने बोट दाखवलं म्हणून तीही थांबली. दुपारी कॉलेजच्या पोरींनी फोटो काढले. आणि एक म्हातारे गृहस्थ तर इतका वेळ उभे होते की मी त्यांना माझी खुर्ची दिली. ते म्हणाले, "हा बिचारा कधीचा वल्हवतोय कोण जाणे." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

दातवाले डॉक्टर दोनदा येऊन तुझ्या चित्रापुढे घुटमळून गेले. जळतात.

बाल्कनी तुझी. सांग घरात सगळ्यांना, माझं नाव घेऊन सांग.

तुझा
टिल्लू

*

२३ फेब्रुवारी

माझ्या टिल्ल्या,

पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मला तर त्या चित्रात आपल्या छताची ओल दिसायची." पण खूश झाले, कारण नंतर न मागता औषध घेतलं.

वल्हवतोय! टिल्लू, मी त्यात कोणी वल्हवणारा काढलेला नाही रे! त्या म्हाताऱ्या माणसाला तो दिसला. मी फक्त पाणी सोडलं आणि त्यांना त्या पाण्यात माणूस दिसला, त्याचे दमलेले हात दिसले. कोण असतील ते? त्यांचं कोणी गेलं असेल का? इतकी वर्षं मी बाल्कनीत एकटीच फळी हलवत बसले, घरातल्यांना वाटायचं हिला वेळ जात नाही, आणि मलाही कधीमधी तसंच वाटायचं. आज तसं वाटत नाही. मला किती बरं वाटतंय ते तुला पत्रात सांगता येणार नाही.

सूनबाईला वाचून दाखवलं तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकलं. "छान झालं आई," म्हणाली. संध्याकाळी बघते तर मशीन तिने स्वतःच्या खोलीत नेलंय, पलंग आणि कपाट यांच्या फटीत. पाय सरळ ठेवता येत नाहीत तिथे, तिरकं बसून पायडल दाबते. मी म्हटलं, अगं टेबलावर ठेव. म्हणाली, "टेबल जेवायचं आहे." रागाने नाही हं, साधंच म्हणाली. ती पोर उघड रागावली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

पण शब्द म्हणजे शब्द. थांबले ना?

एक गंमत. पत्र आल्यापासून सारखी रंगवतेय आणि एकही धड होत नाहीये. रंग सोडला की मला त्यात वल्हवणारा दिसायला लागतो आणि हात त्याच्याकडे वळतो. मी हाताला म्हणते, तुला कोणी सांगितलंय? ऐकत नाही. कौतुक पचत नाही म्हणतात ते हेच असेल.

ते गृहस्थ परत आले तर त्यांना विचार, कुठे दिसला? डावीकडे, की माझ्या मोकळ्या जागेत?

तुझी
ताई

*

१ मार्च

ताई,

हे पत्र फाडून तिसऱ्यांदा लिहितोय.

संयोजक बाईंनी काल मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "तिसरं चित्र सगळ्यांना आवडलंय. पुढच्या प्रदर्शनात या बाईंना अख्खी भिंत देऊ. फक्त त्यांना म्हणावं, अशीच पाठवा. होडीवाली."

ताई, त्यात होडी आहे. मी काढली.

तू चिडून विचारलं होतंस ना, थांबतात का, एका ओळीत लिही. ते पत्र खिशात घेऊन मी हॉलवर बसलो होतो. कोणी थांबत नव्हतं. मांजरांकडून निघालेला माणूस तुझ्या पाच चित्रांवरून असा जायचा की जणू तिथे भिंतच आहे. मी खोकून बघितलं, खुर्ची सरकवून बघितली. एकदा मीच चित्रापुढे उभा राहून 'वा वा' केलं, तर लोक माझ्याकडे बघायला लागले. खोटं लिहावं तर तू अक्षर ओळखणार. खरं लिहावं तर तू रंग गुंडाळणार. मला तू माहीत आहेस, शब्दासाठी स्वतःचा गळा कापशील.

मग मी म्हटलं, थांबायला लागतील असं काहीतरी करू, म्हणजे खरंच लिहिता येईल. पाटीवर माणसाची नजर अडकायला काहीतरी लागतं, एवढं मला कळतं, तेच तर जन्मभर केलं. सकाळी किल्लीने हॉल उघडला, दोन नंबरचा ब्रश, काळ्यात चिमूटभर निळा, आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेत एक छोटी होडी टाकली. आत वाकलेला एक माणूस. करंगळीएवढा. हात सवयीचा आहे, पटकन झालं. तुझ्या रंगाला धक्का लागू दिला नाही, आजूबाजूचं पाणी जसंच्या तसं ठेवलं, आणि खरं सांगू, दिसत सुरेख होतं.

त्याच दिवसापासून थांबायला लागले. मी लिहिलं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. तो छत्रीवाला, ते म्हातारे गृहस्थ, डोळ्यांतलं पाणी, सगळं खरं.

तू वल्हवणाऱ्याबद्दल इतकं लिहिलंस, ते वाचून मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "केलंस ते निस्तर." हे निस्तरणं आहे. ताई, तुझी बाल्कनी जाऊ नये एवढंच मनात होतं गं. देवाशप्पथ एवढंच.

टिल्लू

*

५ मार्च

चित्र उतरव. आज. ते माझं नाही.

मी घरभर सांगितलं. शेजारी सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, त्याने विचारलंही नव्हतं. पलंगाच्या फटीत माझी सून तिरकी बसली, ती तुझ्या होडीसाठी. मी इतके दिवस रंगात जो माणूस शोधत होते तो तू दोन नंबरच्या ब्रशने काढलेला माणूस होता. माझा हात आयुष्यात पहिल्यांदा खराब झाला आणि तो तू केलास. दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. तुला काय करू? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाल्कनी मी आजच रिकामी केली. सूनबाई मधे आली, "आई, असू दे, मला चालतंय." मी म्हटलं, तुला चालत असेल, मला नाही. फळी पलंगाखाली, रंग खोक्यात, खोकं माळ्यावर. मशीन मी स्वतः उचलून नेलं, हे ओरडत होते, कंबर मोडशील म्हणून.

मी रडले. लपवत नाही. भांडी घासताना रडले आणि नळ मोठा सोडला.

एकच विचारते, आणि याचं उत्तर एका ओळीत दे. होडीच्या आधी, किंवा होडी नसलेल्या बाकीच्या चारांपुढे, कोणी थांबलं का?

*

१२ मार्च

नाही ताई. कोणी थांबलं नाही.

ही ती एक ओळ. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच थांब.

चित्र उतरवलं. बाई नाराज झाल्या, "एवढं चाललेलं चित्र!" म्हणाल्या. मी सांगून टाकलं, होडी मी काढली आहे, चित्र माझ्या बहिणीचं आहे. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे बघितलं आणि काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे होडी तुमची." मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "मग तुम्हीच का नाही पाठवत?"

आणि आणखी एक सांगायचंय, ते सांगताना लाज वाटते. मी चित्र घरी आणलं आणि होडी पुसायला गेलो. ओल्या स्पंजाने, अगदी हलक्या हाताने. होडी गेली नाही, पाटीचा पक्का रंग तो. तिच्या भोवतीचं तुझं पाणी गेलं. जिथे तो करडा येऊन अडला होता ती कड गेली, आता तिथे नुसता मळका पट्टा आहे आणि मधे माझा काळा माणूस तसाच वाकलेला. तुझं चित्र मी दोनदा घालवलं. आता परत तसं काढ म्हणायची सोय नाही, तुला येणार नाही हे मला कळतं. तू लिहिलं होतंस तेव्हा कळलं नव्हतं.

प्रदर्शन अजून चालू आहे. मी जातो. बसतो. कोणी थांबत नाही.

टिल्लू

*

२० मार्च

टिल्लू,

तुझी ती एक ओळ मी अपेक्षेपेक्षा बरी सोसली. आधी रडू आलं, मग भूक लागली. थंड पोळी खाल्ली, गूळ लावून.

तिसरं चित्र गेलं त्याचं मला वाईट वाटतंय, आणि बरं झालं गेलं असं म्हणून मी तुला सुटका देणार नाही. ते चांगलं होतं. एकाही माणसाने बघितलं नाही तरी ते चांगलं होतं. हे मला आधी ठाऊक नव्हतं, तू घालवल्यावर ठाऊक झालं. त्याबद्दल आभार वगैरे मानत नाही.

होडीपेक्षा मला काय झोंबलं सांगू? तुला माझी दया आली. आणि तू तिथे रोज बसलास, मांजराच्या मिशा मोजल्यास, पण माझ्या चित्रापुढे तू स्वतः थांबला नाहीस. तू जागा बघितलीस. मोकळी आहे, भरून टाकू. परक्यांचं सोड, त्यांना मी कोण? पण तू माझा भाऊ ना रे.

आता घरची हालहवाल. मशीन बाल्कनीत मजेत चालतंय. सूनबाई गाणी म्हणते शिवताना, मला माहीतच नव्हतं तिला गाता येतं. आणि मी शब्द दिल्याप्रमाणे रंग गुंडाळले. त्यानंतर मी काय केलं ऐक. भांडी पुसली, पुसलेली परत पुसली. यांचं डोकं चेपून चेपून यांना सळो की पळो केलं, हे म्हणाले, "अगं, मोडलाय पाय!" संध्याकाळी भाजी धुवायला नळ सोडला आणि बिलाचा जुना कागद ओला झाला. त्यावर हळदीचा हात लागला. टिल्लू, ती हळद चालायला लागली. मी गॅस बंद केला आणि बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी खोकं माळ्यावरून खाली. शब्द मोडला, सरळ मोडला, घरात सांगून मोडला. मुलगा म्हणाला, "आई, पण तू तर म्हणाली होतीस..." मी म्हटलं, म्हणाले होते. आता ओट्यावर रंगवते, दोन जेवणांच्या मधे. ओले कागद फ्रिजवर वाळतात. यांच्या प्लास्टरवर एक हिरवा ओघळ गेलाय, डॉक्टर विचारणार. हात अजून तुझ्या वल्हवणाऱ्याकडे ओढ घेतो, पण ते कमी कमी होतंय. त्याला मी चिडवते, जा, पोहून जा म्हणते.

कोणी थांबलं नाही आणि मलाही थांबता येत नाही. झालं. याच्यापुढे तुला हॉलवर बसायची गरज नाही.

पण तुला मी असा सोडणार नाही. सोबत एक कागद पाठवतेय, माझ्याकडचा चांगल्यातला चांगला, जाड. तो तुझा. जन्मभर तू गिऱ्हाइकाने सांगितलं ते काढलंस आणि एकदाच मनाने काढलंस ते माझ्या कागदावर. आता तुझ्या कागदावर काढ. आधी ओला कर, दोन्ही बाजूंनी. मग एकच रंग सोड. मग फळी हातात घे. पुढे काय करायचं ते मला विचारू नकोस.

तुझी
ताई

*

२७ मार्च

ताई,

विचारू नकोस म्हणालीस तरी विचारतोय. घाईत लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

कागद दुकानात आणला, जुन्या पाट्यांच्या फळीवर पसरला, दोन्ही बाजूंनी ओला केला. शटर अर्धं खाली ओढलं, कोणी बघू नये म्हणून. तासभर नुसता बसलो होतो. कोणी म्हटलं असतं 'किराणा' लिही, तर डोळे मिटून लिहिलं असतं. मग निळा सोडला. तो थांबतच नाहीये. मी फळी या अंगाला केली तर तो त्या अंगाला निघाला. मी त्याला आवर घालायला गेलो तर तो दुभंगला आणि आता दोन झालेत. एक खाली आलाय, काठावरून गळतोय, माझ्या चपलेवर. दुसरा वर चढतोय, तिरका, हळूहळू, आणि त्याच्या पुढे मोकळी जागा आहे.

ताई, तिथे होडी बसते. अगदी बरोबर बसते. सवयीने काळा ब्रश भरून घेतलाय, डाव्या हाताने फळी धरून उजव्याने हे लिहितोय, ब्रश दातात आहे. टाकू का? टाकली तर चित्र होईल, कोणालाही कळेल. नाही टाकली तर काय होईल ते मला माहीत नाही. निळा अजून चाललाय. तुझं उत्तर येईपर्यंत हे सगळं वाळून कडक झालेलं असेल. तुला विचारून उपयोग नाही, तरी विचारल्याशिवाय राहवत नाही.

ब्रश धुतला. डबा पण लांब ठेवला.

आता एका हातात फळी आणि दुसऱ्यात हे पेन, बस. एवढ्या उंच शिड्यांवर चढून पाट्या रंगवल्या, तेव्हा कधी भीती वाटली नाही, ती आत्ता वाटतेय. हा निळा एवढासा, वीतभर, माझ्याकडे लक्षही न देता चाललाय, आणि मला आत्ता, या क्षणाला ठरवायचंय की फळी उचलू का आणखी थोडं जाऊ देऊ.

ताई, तुला रोज असं व्हायचं? त्या बाल्कनीत, एकटीला, रोज?